इनले तळ्यातली मासेमारी: पायाने वल्हे, हाताने जाळे

म्यानमारच्या पर्यटनाची कुठलीही पुस्तिका उघडा, एक छायाचित्र हमखास सापडते. अरुंद होडीच्या अगदी टोकाला एक माणूस एका पायावर उभा आहे, दुसरा पाय वल्ह्याला वेढलेला आहे आणि हाताशी पुरुषभर उंचीची, शंकूच्या आकाराची टोपली आहे. पाहणाऱ्याला वाटते, ही सर्कशीतली कसरत असावी.

कसरत तर आहेच, पण ती कुणाला दाखवण्यासाठी सुरू झाली नाही. उथळ, नितळ आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात एकट्या माणसाला मासे धरायचे असतील तर काय करावे लागेल, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. पाय वल्ह्याला लावला की हात मोकळे होतात आणि उभे राहिले की नजर लांब जाते. बाकीची सगळी पद्धत या दोन सोयींवर उभी आहे. ती कशी चालते ते आपण क्रमाने पाहू. मासेमारीचा गंध नसला तरी अडचण नाही. लागेल ती माहिती त्या त्या ठिकाणी येईलच.

आधी तळे

मंडाले हे नाव आपल्याला लोकमान्य टिळकांच्या तुरुंगवासामुळे परिचयाचे आहे. त्या मंडालेपासून दक्षिणेला, थोडे पूर्वेकडे सरकले की शान राज्याच्या डोंगररांगा लागतात. तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर इनले नावाचे लांबट तळे आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधल्या खोऱ्यात पाणी. उत्तरेच्या टोकाला न्याउंगश्वे हे गाव आहे आणि तिथून कालव्याने तळ्यात शिरता येते.

या तळ्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची खोली, किंवा खरे तर खोलीचा अभाव. लांबी 20 किलोमीटरच्या पुढे असली तरी उन्हाळ्यात पाणी सरासरी दोन मीटरच्या आसपास असते. पावसाळ्यात त्यात साधारण दीड मीटरची भर पडते. म्हणजे वर्षाचा बराच काळ लांब बांबू सरळ खाली घातला तर तो तळाला टेकतो. पुढे जी टोपली येणार आहे, तिचे सगळे गणित इथे आहे.

दुसरी गोष्ट, पाण्यातली झाडी. तळाशी शेवाळ आणि पाणगवत दाट वाढते, काठाजवळ बोरू आणि लव्हाळी माजतात, शिवाय आपल्या नदी-तलावांत दिसते ती जलपर्णीही आहे. माशांना लपायला, खायला आणि अंडी घालायला ही झाडी हवी असते. होडीवाल्याला मात्र ती नडते.

तिसरी गोष्ट, पाण्याचा नितळपणा. वारा पडलेला असेल आणि पाणी ढवळलेले नसेल, तर उथळ भागात तळापर्यंत दिसते. पाण्यात पाहता येते म्हणूनच ‘पाहून धरणे’ ही पद्धत इथे रुजली.

या तळ्यावर राहणारे लोक म्हणजे इंथा, ‘तळ्याची लेकरे’. ते बौद्ध आहेत आणि बर्मी भाषेचीच एक बोली बोलतात. त्यांचे पूर्वज दक्षिणेकडच्या दावेई किनाऱ्यावरून इथे आले, असे परंपरा सांगते. त्यांची घरे पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी असतात. शेजारच्या घरी जायचे तर होडी, बाजारात जायचे तर होडी, देवळात जायचे तरीही होडीच. त्यामुळे होडी चालवणे हे इथे कोळ्याचे वेगळे कसब मानले जात नाही. आपल्याकडे सायकल जशी लहानपणीच येते, तशी ती इथल्या मुलांना येते.

पहिला टप्पा: होडी

मासेमारीची होडी लाकडी, लांब, अरुंद आणि सपाट तळाची असते. चांगली होडी सागवानाची. फळ्यांमधल्या फटी बुजवण्यासाठी थित्सी नावाच्या झाडाचा चिकट काळा चीक वापरतात, त्यात लाकडाचा भुसा मिसळतात. बर्मी लाखकामाची भांडी याच चिकाने रंगवली जातात. तळ्याकाठचे नाम्पान हे गाव होड्या बांधण्यासाठी ओळखले जाते.

तळ सपाट असण्याची कारणे दोन. खोल तळाची होडी उथळ पाण्यात गवताला अडकेल, सपाट होडी त्यावरून घसरत जाते. आणि सपाट तळामुळे होडी कडेला कमी कलते. माणूस उभा राहून काम करणार असेल तर हे फार गरजेचे आहे.

होडीच्या टोकाला पाऊल मावेल एवढी सपाट जागा असते. वल्हवणारा तिथे उभा राहतो. त्याच्या वजनाने ते टोक थोडे खाली बसते आणि दुसरे टोक उचलले जाते.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे सामान कुठेही टाकणे. जाळी, टोपली आणि धरलेले मासे होडीच्या मधल्या रेषेवर, माणसाच्या वजनाला तोल देतील असे ठेवावे लागतात. भिजलेले जाळे एका कडेला पडले की होडी त्या बाजूला झुकते. एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला तेवढा कलही पुरतो.

दुसरा टप्पा: उभे राहणे

बसून वल्हवणाऱ्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतात. तिथून पाणी तिरके दिसते, आकाशाचे प्रतिबिंब डोळ्यात भरते आणि समोरच्या लव्हाळ्यापलीकडे काय आहे ते कळत नाही.

उभे राहिले की दोन्ही अडचणी सुटतात. बोरूच्या बेटांमधून जाणारी मोकळी वाट दुरून दिसते. शिवाय वरून खाली पाहिल्यामुळे पाण्यावरची चकाकी कमी होते आणि पाण्याच्या आतले दिसू लागते.

पण उभ्या माणसाने दोन्ही हातांनी वल्हवायचे म्हटले तर जाळे कोण टाकणार? दोन माणसे घेतली तर मिळकत दोघांत वाटावी लागते. इंथा पुरुषांनी हे काम पायाकडे सोपवले. बायका मात्र परंपरेने बसून, हातांनी वल्हवतात. घरची ने-आण, भाजीपाला, बाजार यांसाठी तेवढे पुरते.

तिसरा टप्पा: पायाने वल्हवणे

आता मुख्य कसब. वल्ह्याला दोन भाग असतात, लांब दांडा आणि खालचे रुंद पाते. वल्हवणारा दांड्याचे वरचे टोक हाताने, खांद्याजवळ धरतो. त्याच बाजूचा पाय बाहेरून दांड्याभोवती वळवतो. पोटरीचा वेढा दांड्याला बसतो आणि पाऊल पात्याच्या वरच्या भागाशी टेकते.

मग पाय पुढून मागे ढकलायचा. वरचा हात दांड्याचा टेकू होतो, पाय त्याला फिरवतो आणि पाते पाणी मागे लोटते. होडी पुढे सरकते. फेरा संपला की गुडघा वाकवून पाते पाण्याबाहेर किंवा पाण्यातूनच कडेने पुढे आणायचे आणि पुन्हा ढकलायचे.

ताकद येते ती मांडीतून आणि कमरेतून. शरीराचे सर्वांत मोठे स्नायू तिथे असतात, म्हणून दंडांच्या मानाने थकवा उशिरा येतो. एक पाय दमला की बाजू बदलून दुसरा लावतात. फक्त दिशा वळवायची किंवा हळूच पुढे सरकायचे असेल तेव्हा पाते थोडे तिरके करणे पुरते.

शिकणाऱ्याचे कुठे चुकते? तो वल्ह्यावर भार देतो. वल्हे पाण्यात आहे, जमिनीवर नाही. त्यावर टेकायला गेले की ते निसटते आणि माणूस त्यामागून पाण्यात जातो. सगळे वजन होडीवरच्या पायावर ठेवायचे, त्या पायाचा गुडघा किंचित सैल ठेवायचा आणि वल्ह्याच्या पायाने फक्त ढकलायचे.

दुसरी चूक म्हणजे पाते फार खोल घालणे. तळाशी गवत असते. पाते त्यात गुंतले की होडी पुढे आणि वल्हे मागे, अशी ओढाताण होते. अनुभवी माणूस पाते पाण्याच्या वरच्या थरातच चालवतो आणि गवत जाणवले की लगेच ते आडवे करून सोडवून घेतो.

हे जमले की दांडा काखेत किंवा खांद्याशी दाबून धरता येतो आणि दोन्ही हात थोडा वेळ मोकळे होतात. आता खरी मासेमारी सुरू.

चौथा टप्पा: मासा हेरणे

कामाला सुरुवात पहाटे होते. त्या वेळी वारा नसतो, पाणी आरशासारखे असते आणि वरची बारीकशी हालचालही नजरेला येते. थंडीच्या महिन्यांत तळ्यावर दाट धुके असते. ते विरेपर्यंत हेरण्याचे काम नीट होत नाही.

कोळी पाहतो त्या खुणा तीन. तळाशी चरणारा मासा चिखल उकरतो तेव्हा बारीक बुडबुड्यांची ओळ वर येते. वारा नसताना गवताचा एखादाच शेंडा हलतो. किंवा स्वच्छ पाण्यात सावलीसारखी काळसर पाठ दिसते.

बुडबुडे दिसले म्हणजे मासा आहेच असे नाही. तळाशी कुजणाऱ्या पाल्यातूनही वायू सुटतो. पण तो एकाच जागी येत राहतो. माशाचे बुडबुडे पुढे सरकतात. हा फरक ओळखता आला नाही तर सकाळ रिकाम्या चिखलावर टोपल्या टाकण्यात जाते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे तिरके पाहिले तर मासा असतो त्यापेक्षा वर, उथळ पाण्यात असल्यासारखा दिसतो. दिसला त्या दिशेने भाला मारला तर तो माशाच्या वरून निघून जातो. मासा जितका पायाखाली, तितकी ही फसगत कमी. म्हणून होडी न हलवल्यासारखी हलवत थेट माशाच्या डोक्यावर आणावी लागते. त्याच वेळी आपली सावली त्याच्यावर पडणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. वल्ह्याचा आवाज न करता चार हात पुढे सरकणे इथे उपयोगी पडते आणि पायाचा संथ, सलग रेटा त्यासाठी उत्तम.

पाचवा टप्पा: शंकूची टोपली

आता ती प्रसिद्ध टोपली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर निमुळता आणि खाली रुंद, तळ उघडा. कामट्यांना मधूनमधून कड्यांनी आवळलेले असते आणि आत जाळे असते. वरच्या टोकाला उघडे तोंड ठेवलेले असते. उंची पुरुषभर किंवा त्याहून जास्त. हलकी असली तरी आकाराने अवजड, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी ती शिडासारखी फिरू लागते.

तत्त्व सोपे आहे. आपण कोंबडी डालग्याखाली झाकतो, तशी ही टोपली माशावर झाकायची. फरक इतकाच की जमीन दोन मीटर पाण्याखाली आहे आणि कोंबडी पोहणारी आहे.

टोपली दोन्ही हातांनी उचलून सरळ उभी धरायची आणि एका दमात तळापर्यंत दाबायची. शेवटचा रेटा पुष्कळदा पायाने दिला जातो. खालची कड चिखलात रुतली की मासा चारी बाजूंनी बंद.

इथेच बहुतेक मासे सुटतात, आणि तेही ठरावीक कारणांनी. टोपली तिरकी पडली तर एका बाजूची कड उचललेली राहते. गवताच्या गड्ड्यावर बसली तर खाली फट उरते. आणि थबकत थबकत दाबली तर पाण्याचा लोट आधी पोचतो, मासा दचकतो आणि टोपली टेकण्याआधीच निसटतो. त्यामुळे जागा निवडताना कोळी माशाइतकाच तळही बघतो.

टोपली किती उंच हवी, हेही आता आपल्या लक्षात येईल. ती तळाला टेकल्यावर तिचे वरचे तोंड हाताच्या टप्प्यात राहिले पाहिजे. पावसाळ्यात पाणी चढले की मधल्या भागात टोपली पुरत नाही. मग उथळ कडा गाठाव्या लागतात किंवा दुसरी साधने काढावी लागतात.

सहावा टप्पा: मासा जाळ्यात घालणे

टोपलीखाली मासा आहे, पण तो अजून हाती आलेला नाही. टोपली तशीच उचलली तर तो खालून जाईल.

म्हणून आतले जाळे दोरीने वर बांधून ठेवलेले असते. टोपली नीट बसली की ती दोरी सोडतात आणि जाळे आतल्या आत सैल पडते. मग वरच्या तोंडातून एक लांब काठी खाली घालतात. तिच्या टोकाला बहुधा त्रिशूळासारखी पाती असतात. या काठीने तळ आणि गवत डिवचले की दडून बसलेला मासा उसळतो आणि सुटण्याच्या धडपडीत सैल जाळ्यात गुरफटतो.

जाळ्याला हिसके बसू लागले की ते काठीवर किंवा हाताशी कळते. त्यानंतरच टोपली उचलायची. घाई केली तर अर्धवट अडकलेला मासा पडतो. फार वेळ ढवळत राहिले तर पाणी गढूळ होते आणि आसपासचे मासेही जागा सोडतात, म्हणजे पुढच्या दोन-तीन टोपल्या वाया.

उघड आहे की ही एकेक मासा धरण्याची रीत आहे. मोठा मासा, नितळ पाणी आणि धीर, तिन्ही असतील तरच ती परवडते.

सातवा टप्पा: लांब जाळे आणि पाण्यावर फटके

रोजच्या पोटापाण्यासाठी आज इनलेवर जास्त वापरले जाते ते गिल नेट, म्हणजे माशाला कल्ल्यांत अडकवणारे जाळे. पूर्वी सुती दोऱ्याचे असे, आता बारीक नायलॉनचे असते. वरच्या दोरीला तरंगणारे बोये, खालच्या दोरीला वजने. पाण्यात ते पडद्यासारखे उभे राहते.

जाळ्याच्या एका भोकाला आपल्याकडचे मच्छीमार ‘आस’ म्हणतात. मासा आसात डोके घालतो, जाडसर धड अडते, मागे फिरावे तर कल्ल्यांच्या झाकणात दोरा अडकतो. त्यामुळे आसाच्या मापावर कोणता मासा मिळणार ते ठरते. मोठा आस असेल तर पिले आरपार निघून जातात. आस लहान केला की पिलेही अडकतात आणि पुढच्या वर्षीची मासळी यंदाच संपते.

जाळे टाकताना पायाने वल्हवण्याचा फायदा सर्वांत स्पष्ट दिसतो. एक टोक काठीला किंवा बोयाला बांधून सोडायचे. मग पाय होडीला संथ गतीने पुढे नेत राहतो आणि दोन्ही हात जाळ्याच्या घड्या एकेक करून पाण्यात सोडतात. होडी आणि हात यांचा वेग जुळवणारा मेंदू एकच असल्याने जाळे ताणले जात नाही आणि ढीगही होत नाही.

जाळे सरळ किंवा अर्धगोल पसरून झाले की कोळी आतल्या बाजूला येतो. वल्हे किंवा लांब बांबू उंच उचलून तो पाण्यावर सपासप आपटतो. आवाजाने आणि धक्क्याने मासे गवतातून निघून पळतात आणि जाळ्याच्या पडद्यावर जातात. सकाळच्या शांत तळ्यावर हे फटके दूरवर ऐकू येतात.

फटके कुठून मारायचे, यात चूक होते. ते जाळ्याच्या अगदी जवळ मारले तर मासे उलट दिशेने, मोकळ्या पाण्याकडे पळतात. दुरून सुरुवात करून जाळ्याच्या दिशेने सरकत यावे लागते. शिवाय खालची दोरी गवतावर तरंगत राहिली तर मासे तिच्याखालून जातात. म्हणून गवताच्या बेटातल्या मोकळ्या पट्ट्या शोधून जाळे लावतात.

मग जाळे वर घेण्याचे काम. मासा ज्या दिशेने आत शिरला त्याच दिशेने पुढे ढकलून काढला तर दोरा सहज सुटतो. शेपटी धरून मागे ओढला तर कल्ले फाटतात, दोरा तुटतो आणि फाटलेला मासा बाजारात स्वस्तात जातो. जाळ्याबरोबर येणारे शेवाळ त्याच वेळी झटकावे लागते. शेवाळ वाळून बसले की जाळे जड होते आणि माशाला दिसूही लागते.

बाकीची साधने

सगळे काही उभे राहून होत नाही. बांबूच्या विणलेल्या सापळ्यांत आत जायला नरसाळ्यासारखे तोंड असते, त्यातून मासा किंवा वाम आत जाते पण बाहेर येत नाही. असे सापळे संध्याकाळी गवताच्या कडेला ठेवून सकाळी काढतात. लांब दोरीला अनेक गळ बांधून आमिष लावण्याची पद्धतही आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि खोल झाले, टोपली निरुपयोगी ठरली, की या साधनांचा आधार असतो.

काय मिळते?

इंथांचा मानाचा मासा म्हणजे नगा फेइन, इनलेचा कार्प. मराठी मच्छीमार ज्याला सायप्रिनस म्हणतात त्याचाच हा भाऊबंद. मरळीच्या जातीचे मासेही मिळतात. याशिवाय इनलेत असे अनेक छोटे मासे आहेत जे जगात मूळचे दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत.

या माशांची सविस्तर शास्त्रीय नोंद कोलकात्यातून झाली. तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अनांडेल यांनी 1917 मध्ये इनलेची पाहणी केली आणि 1918 मध्ये इथल्या माशांवर व मासेमारीवर लेख प्रसिद्ध केला. तांबड्या डोक्याच्या, खवले नसलेल्या एका चिमुकल्या माशाला त्यांनी शान संस्थानिकांच्या पदवीवरून ‘सॉब्वा’ हे नाव दिले. वामीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एका बारीक माशाचे नाव ‘चौधुरिया’ आहे. ते बी. एल. चौधुरी या भारतीय मत्स्यतज्ज्ञांच्या नावावरून ठेवले गेले.

आज जाळ्यात मोठ्या संख्येने येतो तो तिलापिया. उजनीच्या पाण्यात ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणाराच हा मासा. तो बाहेरून आणलेला आहे, भराभर वाढतो आणि गढूळ पाणीही सोसतो. कोळ्याचे पोट त्यावर भरते, पण मूळच्या माशांची जागा आणि खाद्यही तो घेतो.

सकाळची मासळी तळ्याकाठच्या फिरत्या बाजारात जाते. हा बाजार पाच ठिकाणी आळीपाळीने भरतो, म्हणजे एका जागी दर पाचव्या दिवशी. डोंगरातले पा-ओ आणि शान लोक भाजीपाला घेऊन उतरतात आणि मासे घेऊन जातात. घरात माशाचा एक ठरलेला प्रकार म्हणजे थमिन जिन. हळद घातलेला भात टोमॅटो आणि शिजवलेल्या माशाबरोबर मळून त्याचे गोळे करतात आणि वरून तळलेल्या लसणाचे किंवा कांद्याचे तेल घालतात.

पद्धत कुठे अडखळते आहे

ही पद्धत उथळ पण पुरेशा, नितळ आणि मोकळ्या पाण्यावर चालते, हे आपण पाहिले. या अटींना आता धक्का बसतो आहे.

मोकळे पाणी आटत चालले आहे. 1935 मध्ये सुमारे 69 चौरस किलोमीटर असलेला मोकळ्या पाण्याचा विस्तार 2000 पर्यंत 47 चौरस किलोमीटरच्याही खाली आला, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गेला. सर्वांत मोठे कारण तरंगत्या बागा. पाणवनस्पतींचे थर कापून, त्यावर चिखल पसरून, बांबूने ते तळाशी खिळवतात आणि त्यावर प्रामुख्याने टोमॅटो पिकवतात. या बागाही इंथांच्याच कष्टाच्या आहेत आणि माशांपेक्षा त्यांचे उत्पन्न भरवशाचे आहे. पण खते आणि फवारण्या थेट पाण्यात उतरतात.

डोंगरउतारांवरची जंगले तुटल्याने ओढ्यांबरोबर गाळ येतो. गाळाने खोली कमी होते आणि पाणी गढुळते. हेरून टोपली टाकणाऱ्याला हेच सर्वांत जास्त नडते, कारण त्याला दिसेनासे होते. लांब जाळ्याला दिसण्याची गरज नसते. टोपली मागे पडून जाळे पुढे आले, त्यामागे स्वस्त नायलॉनबरोबर हेही कारण आहे. काहीजण बॅटरीचा शॉक देऊन मासे मारतात. ते बेकायदा आहे आणि त्यात अंडी-पिलेही मरतात.

2015 मध्ये युनेस्कोने इनलेला जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत घेतले, म्यानमारमधले ते पहिलेच. पण कागदावरच्या संरक्षणाने गाळ थांबत नाही. 28 मार्च 2025 च्या मोठ्या भूकंपात तर तळ्यावरची खांबांवरची कितीतरी घरे कोसळली. होडी आणि जाळे वाचले तरी घर उभारायचे आधी, अशी अनेकांची स्थिती झाली.

पाय मात्र वल्ह्यावर टिकून आहे. पावसाळ्याच्या अखेरीस फाउंग दॉ ऊ देवालयाचा 18 दिवसांचा उत्सव होतो. बुद्धमूर्ती सोनेरी पक्ष्याच्या आकाराच्या नावेतून गावोगाव फिरतात आणि लांबच लांब होड्यांत रांगेने उभे राहिलेले तरुण पायाने वल्हवत शर्यती लावतात.

पाहायला गेलात तर

प्रवासाआधी म्यानमारमधली परिस्थिती आणि भारत सरकारच्या सूचना जरूर पाहा. 2021 च्या लष्करी उठावानंतर देशाच्या अनेक भागांत संघर्ष चालू आहे.

न्याउंगश्वेचा कालवा जिथे तळ्याला मिळतो, तिथे टोपली उंचावून, एक पाय हवेत धरून उभे असलेले पुरुष आपल्याला दिसतील. ते पर्यटकांसाठी उभे असतात. तोल खरा, कसब खरे, मासेमारी मात्र नाही. छायाचित्र घेतलेत तर पैसे द्या, तो त्यांचा रोजगार आहे.

काम करणारा कोळी ओळखायचा असेल तर होडीच्या आत पाहा. ओले जाळे, पाण्यात ठेवलेले मासे आणि शेवाळाचे डाग असतील तर तो कामावर आहे. तो टोपली डोक्यावर उचलत नाही आणि त्याची नजर आपल्याकडे नसून पाण्याकडे असते.

अशा माणसाजवळ जाताना आपल्या होडीवाल्याला आधीच सांगून ठेवा: पाण्यावर बोयांची ओळ दिसली की इंजिन बंद करायचे आणि वळसा घालायचा. लांब दांड्याच्या डिझेल इंजिनाचा पंखा जाळे क्षणात फाडतो आणि त्याच्या आवाजाने मासे पांगतात. आपल्याला दोन मिनिटे उशीर होईल, त्याची सकाळ वाचेल.